तुमच्या नातीचा चार्जर

अहो आई,

रविवारी दुपारी मी आपल्या स्वयंपाकघरात तुमच्या नातीचा चार्जर फोडला. फोडायचाच होता तर एवढा खटाटोप करून बनवला कशाला, असं तुम्ही नक्की विचारलं असतंत, अर्धं कौतुकाने आणि अर्धं खोचकपणे. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती आणि रिकाम्या बॉबिनांची आगगाडी करून तुमच्या खाटेखालून फिरवायची. आता ती अंबडच्या एका कंपनीत इंजिनियर आहे आणि मोबाइलचे, लॅपटॉपचे चार्जर कसे असावेत ते ठरवते. हा चार्जर तिचा पहिला. दहाजणांच्या कामात हिचाही हात, असा नव्हे. आत काय बसेल, कुठे बसेल, किती जागेत बसेल, हे सगळं तिने एकटीने ठरवलेलं. दोन काडेपेट्या एकमेकींना चिकटवल्या तर होईल तेवढाच ठोकळा आहे, आणि त्यावर लॅपटॉप चालतो. तुमच्या फोनचा चार्जर याच्याहून मोठा होता आणि सकाळपासून लावला तरी दुपारपर्यंत फोन अर्धाच भरायचा, त्यावरून तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात.

झालं असं की कंपनीत नमुन्यांची चाचणी घेतली त्यात एक नापास झाला. ही चाचणी तुम्हाला समजावून सांगायला नको, आपण ट्रान्स्फॉर्मर गुंडाळायचो त्या गाळ्यातही तीच होती. एका बाजूला भिंतीतून येणारी वीज, दुसऱ्या बाजूला माणसाच्या हाताला लागणारी वायर, आणि या दोघींमध्ये मुद्दाम विजेचा खूप मोठा दाब द्यायचा. मधलं आवरण पक्कं असेल तर काहीच होत नाही. नसेल तर टिक् असा बारीक आवाज येतो आणि लाल दिवा लागतो. बाकीचे नमुने गुपचूप पास झाले, या एकाचा दिवा लागला. लोकांच्या घरात, मुलाबाळांच्या हातात जाणारी वस्तू, त्यामुळे एक का असेना, कारण सापडेपर्यंत सगळं थांबलं.

कारणं दोनच असू शकत होती. एक म्हणजे जागाच कमी पडली. तिचे साहेब पहिल्यापासून म्हणत होते, बाहेरची केस थोडी मोठी घे, कशाला जिवावर उदार होतेस. ही अडून बसली होती. सगळ्यांसमोर सांगून आली होती की एवढ्यात बसतं, मी बसवून दाखवते. तिचं चुकलं असेल तर केस बदलायची, साचा बदलायचा आणि पुढच्या वेळी हिने तोंड उघडलं की मागचा चार्जर आठवून लोक हसणार. दुसरं कारण म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळणीत खोट. आणि आई, त्या नमुन्यांचे ट्रान्स्फॉर्मर मी गुंडाळले होते.

तुम्हाला हे ठाऊक नाही म्हणून सांगते. आपला सातपूरचा गाळा बंद झाला तेव्हा शेठने जुनं हाताचं मशीन मला देऊन टाकलं. ते मी मागच्या गॅलरीत बसवलं. मोठं काम आता कुणी हाताने करून घेत नाही, ते सगळं ऑटोमॅटिक मशिनवर जातं. पण इंजिनियर लोकांना नवीन काही करून बघायचं असतं तेव्हा मोजके नमुने लागतात, आज हवेत, उद्या त्यात बदल हवा, परवा पुन्हा पहिल्यासारखे हवेत. मशीनवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. मग ते माझ्याकडे येतात. तुमची सून म्हणून नाही, माझ्या हातासाठी येतात. गेल्या काही वर्षांत चष्म्याचा नंबर वाढला, सकाळच्या थंडीत बोटं आखडतात, तरी माझं वाइंडिंग परत आलं असं झालं नव्हतं. म्हणूनच हिने ऑफिसात माझं नाव सांगितलं होतं, माझी आई करते म्हणून.

शनिवारी संध्याकाळी ती तो नमुना पर्समध्ये घालून घरी आली. साहेबांना विचारून आणला होता. म्हणाली, "सोमवारी मला कारण सांगायचंय. ऑफिसात उघडला तर पाच जण डोक्यावर उभे राहतील. तुझ्याइतकं सावकाश तिथे कुणी उलगडणार नाही."

मी म्हटलं, "आणि माझंच चुकलेलं निघालं तर?"

"ज्याचं असेल त्याचं. आधी उघडू तर."

असं म्हणाली खरी, पण जेवताना तिने भाकरी नुसती मोडून ठेवली. तुमचा लेक चांदवडला मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेला होता, नाहीतर त्याने विचारून विचारून दोघींना भंडावलं असतं. बरं झालं नव्हता.

रविवारी भांडी झाल्यावर ओटा पुसला, पेपर पसरला, खिडकी उघडली. आधी गॅलरीतल्या व्हाइसच्या जबड्यात चार्जरला फडकं गुंडाळून हळूहळू आवळला. याला स्क्रू नसतो, दोन भाग कसल्याशा कंपनांनी वितळवून एकजीव केलेले असतात. कोपऱ्यावर हलकी हातोडी मारली तेव्हा कट् करून शिवण सुटली. बाहेरून एवढा गुळगुळीत देखणा ठोकळा, आणि आत सगळीकडे राखाडी रबरासारखा लगदा भरलेला. मी म्हटलं, हे काय गं, गवंड्याने सिमेंट ओतल्यासारखं? तर म्हणाली, तो मुद्दाम भरलाय, आतली उष्णता एका जागी साठू नये, सगळ्या अंगाने बाहेर पडावी म्हणून. मग चिमट्याने आणि लाकडी काडीने तो लगदा काढत बसलो. तासभर तरी गेला असेल. मटार सोलायला बसल्यासारख्या आम्ही समोरासमोर, मधे पेपर, मधूनमधून एखादं वाक्य.

लगदा निघाला तसं तिचं घर दिसायला लागलं. घरच म्हणते मी त्याला. आपण पूर्वी बघायचो ते सर्किट एका पाटावर सगळं मांडून ठेवल्यासारखं आडवं असायचं. इथे तीन छोट्या प्लेटा उभ्या करून एकमेकींत खोचलेल्या, आणि त्यांच्यामधल्या पोकळीतला इंचन् इंच वापरलेला. वीज आत येते तिथे छोटा फ्यूज, मग तांब्याची तार गुंडाळलेलं एक कडं, मग एका मोठ्या कपॅसिटरऐवजी तीन लहान, कारण मोठा उभाही मावत नव्हता आणि आडवाही. मधल्या प्लेटेला एका ठिकाणी आरपार खाच पाडलेली. ती का, हे मला कळलं, वीज प्लेटेच्या अंगावरून सरपटत पलीकडे जाऊ नये म्हणून. हे बोलून दाखवल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं. मग तिने मसुराच्या डाळीएवढा एक काळा तुकडा चिमट्याच्या टोकाने दाखवला. सगळी करामत याची, म्हणाली. हा वीज इतक्या भराभर चालू-बंद करतो की ट्रान्स्फॉर्मरला एका वेळी थोडंथोडंच ओझं उचलावं लागतं, म्हणून तो एवढासा असला तरी चालतं. आणि ट्रान्स्फॉर्मर एवढासा म्हणून सगळंच एवढंसं. हे सांगताना तिचा आवाज भराभर चालतो, केस डोळ्यांवर येतात, ती ते मनगटाने मागे सारते कारण बोटांना लगदा लागलेला आहे. मला तिचा फार अभिमान वाटत होता. इतक्या निगुतीने मांडलेलं घर, आणि त्यात माझी एक खोली.

ट्रान्स्फॉर्मर मोकळा केला. आता फेराइटच्या काळ्या गाभ्याचे दोन तुकडे अलग करायचे, ते चिकटवलेले असतात. आपल्या गाळ्यात आपण यासाठी स्टोव्हवर जुना तवा ठेवायचो आणि मंद आचेवर ट्रान्स्फॉर्मर भाजायला टाकायचो, तुम्ही उलथन्याने ते परतायचात आणि म्हणायचात, "भाकरीला एवढा जीव लावला असता तर सासऱ्यानं नाव काढलं असतं माझं." मी तवा काढायला गेले तर लेकीने हात धरला. ठिणगीने पडलेला आतला डाग भाजून गेला तर पुरावाच जाईल. तिने गरम हवा सोडणारी हॉट एअर गन आणली होती, तिनेच ती लांबून, थांबत थांबत फिरवली. तुकडे निघाले आणि आम्ही ते निवेपर्यंत थांबलो.

त्या वेळात मला तुमचं पहिलं बोलणं आठवत होतं. लग्नाला दोन महिने झाले नसतील, तुम्ही मला गाळ्यात घेऊन गेलात. मी तारेचं टोक पिनेला लावून कथलाचा डाग दिला आणि खुशीत तुम्हाला दाखवलं. तुम्ही नखाने ते टोक उपटलंत. सगळ्या बायका बघत होत्या. "लय घाई हाय का तुला? तारंवर वार्निश राहिलं तर डाग बसत नाय. वरून बसल्यागत दिसतो अन् घरी गेल्यावर सुटतो. खरवड." मी खरवडलं. "अजून खरवड. तांबं हसलं पाहिजे." मला इतका राग आला होता की डब्यातली तुमच्या हातची भाजी मी त्या दिवशी खाल्ली नाही. पण पुढे माझे ट्रान्स्फॉर्मर सलग पास व्हायला लागले तेव्हा तुम्ही माझ्या हातात एक वस्तू ठेवलीत. दाढीचं अर्धं ब्लेड, चिरलेल्या बांबूच्या काडीत घट्ट बसवलेलं, मुठीला कापडी टेप गुंडाळलेली, माझ्या मुठीच्या मापाची. ब्लेड मी शेकडो वेळा बदललं असेल, काडी तीच आहे.

आणि ते दसऱ्याचं. तुम्हाला ते सांगताना फार हसू यायचं. खंडेनवमीला गाळा धुतला, मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू वाहिलं. त्या दिवशी सुट्टी नव्हती, माल द्यायचा होता, म्हणून लगेच चाचणीला बसलो तर माझ्या ट्रेमधला प्रत्येक नग टिक् टिक् करायला लागला. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, नवीन बाईला एवढ्यात मोकळं सोडायला नको होतं. माझे कान गरम झाले. तुम्ही पुढे आलात, एक नग उचलून डोळ्याशी धरलात आणि पदराने पिना पुसून परत लावलात. पास. तुम्ही भक्तिभावाने मशिनांबरोबर तयार मालालाही ओल्या बोटाने हळदीकुंकू लावलं होतं, नेमकं दोन्ही बाजूंच्या पिनांमधे, आणि वीज त्या ओल्या पट्ट्यावरून पलीकडे जात होती. "कुंकू माझं हाय," तुम्ही म्हणालात, "तिच्या हाताला काय बी बोलायचं नाय." मग दुपारभर आपण दोघी ते नग पुसत बसलो. पुढच्या वर्षीपासून माल कपाटात बंद करूनच पूजा व्हायची.

फेराइट निवलं. मी टेपचं टोक शोधून पहिला थर सोडवला. लेकीने सांगितलं होतं की काळा ठिपका शोधायचा, ठिणगी जिथून गेली तिथे बारीक जळलेलं असतं. "टेपच्या कडेला दिसला तर जागा कमी पडली, म्हणजे माझं डिझाइन," ती म्हणाली. "आणि तारेवर दिसला तर..." मी एकेक थर सोडवायचे आणि तिच्याकडे द्यायचे, ती तो काचेवर पसरून भिंग लावून दोन्ही कडा बघायची. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी तर देवाला काय मागावं तेच ठरवू शकत नव्हते. माझा हात चुकला नसू दे म्हणावं तर पोरीचं चुकलं असं मागितल्यासारखं होतं.

वरची पिवळी तार मी पूर्ण सोडवली. ही तार नवीन पद्धतीची. आपल्या वेळच्या तारेला वार्निशचा एक पातळ हात असायचा, हिला एकावर एक तीन आवरणं असतात आणि तीच सगळी राखण करतात, म्हणून मधे जागा कमी सोडली तरी भागतं. हिला खरवडायचं नसतं. टोक गरम कथलात बुडवलं की तेवढंच आवरण आपोआप वितळतं. लेकीने मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मला ते समजलंही होतं. पण आई, हात कुणाचं ऐकतो? टोक समोर आलं की डावा हात ते धरतो आणि उजवा ब्लेड उचलतो. मला कळतही नसे की मी खरवडतेय. मला वाटायचं मी नुसतं पुसून घेते.

तार बाहेर येते आणि फेराइटच्या कडेला टेकून पिनेकडे वळते, तिथे एक चरा होता. नखाच्या टोकाएवढा, लांबट. ब्लेड टोकावरून घसरून थोडं पुढे गेलं असणार. आणि चऱ्याच्या मधोमध राळ्याच्या दाण्याहून बारीक काळा ठिपका. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकीच्या नमुन्यांत हात घसरला नाही, यात घसरला.

लेक तेवढ्यात शेवटची टेप बघत होती. "टेप स्वच्छ आहे," म्हणाली, मान वर केली आणि लगेच, "चहा ठेवते," म्हणून उठली. चहा उकळेपर्यंत ती गॅसपाशीच उभी होती. कप घेऊन परत आली तेव्हा मी तिला म्हटलं, "इकडे ये. तार बघ. माझं आहे."

तिने भिंगातून खूप वेळ पाहिलं.

"ब्लेड?"

"ब्लेड."

"मी सांगितलं होतं, आई."

"सांगितलं होतंस."

ती रागावली नाही. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल, तिचं घर वाचलं, पण ती रडवेली झाली. म्हणाली, माझंच असतं तर मी पुन्हा केलं असतं, मला अजून तीस वर्षं आहेत. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकली आणि माझ्या हाताला धरून बसली. मीच म्हटलं, उद्या ऑफिसात सांग की हाताची चूक होती, नमुने आता मशिनवर करून घ्या. ती "बघू" म्हणाली. चहाला आलं जास्त झालं होतं, आम्ही दोघींनी तो तसाच संपवला.

सोमवारी तिने सांगितलं. फोटो दाखवले, तार दाखवली. साहेब म्हणाले, ठीक आहे, केस हीच राहू दे. मशिनवर केलेले नमुने चाचणीत पास झाले आणि तिचा चार्जर आता पुढे जाईल. दुकानात येईल तेव्हा त्यावर तिचं नाव नसेल, पण आपल्याला माहीत असेल. माझ्याकडे आलेली दोन कामं मी परत पाठवली आहेत. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. गॅलरीत गेलं की हात काहीतरी शोधत राहतात. तुमचा लेक म्हणतो, बरं झालं, डोळ्यांना आराम. त्याला काय कळतंय.

हे सगळं मी घरात जसं सांगितलं तसंच इथे लिहिलं, आणि ते खरं आहे. एकच गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही, सकाळी बंबात टाकीन. चरा दिसला तेव्हा लेकीने मान वर केली ना, त्याच्या आधीच माझा अंगठा त्याच्यावर जाऊन बसला होता. चहा उकळेपर्यंत तो तिथेच होता. तिने पाहिलं आणि मला वेळ द्यायला उठली, की तिला खरंच चहा हवा होता, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती म्हणेल, वाइंडिंगवाल्या बायका तार सुटू नये म्हणून अंगठा ठेवतातच. तुम्हीही तेच म्हणाल. पण आई, तार तेव्हा सुटलेलीच होती.